आधी नाही का सांगायचं?

आत्याची नजर अधू झाल्यापासून संध्याकाळी तिला काहीतरी वाचून दाखवायचं, असा आमचा नेम आहे. काय वाचायचं ते मी ठरवते. आवडलं नाही तर ती स्पष्ट सांगते. त्या दिवशी एका जुन्या अंकातलं एक लेखन मी वाचायला घेतलं. आई गेल्यावर एक मुलगी तिचं कपाट आवरायला बसते आणि पातळांच्या घड्यांमध्ये तिला आईने कधीच न वापरलेली एक कोरी शाल सापडते, एवढाच प्रसंग, मुलीच्याच तोंडून सांगितलेला. शालीला येणारा डांबरगोळ्यांचा वास, घडीवर उमटलेली पिवळट रेघ, मुलीने ती उलगडून पाहणं आणि मग पुन्हा त्याच घडीवर तशीच घालायची धडपड. वाचताना माझाही आवाज अडखळला. आत्या डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिने पदराने डोळे टिपले आणि विचारलं, “बिचारी. आता कुठे असते गं ही?” मी म्हटलं, “आत्या, ही कथा आहे. लिहिणारा पुरुष आहे.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग रागाने नव्हे, पण काहीतरी हातातून काढून घेतल्यासारख्या आवाजात म्हणाली, “मग आधी नाही का सांगायचं?”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आधी सांगितलं असतं तर नेमकं काय बदललं असतं? शाल तीच राहिली असती, वास तोच, मुलीच्या हातांची धांदल तीच. एक काना इकडचा तिकडे झाला नसता. तरीही आत्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी समोर बसून पाहिलं होतं. ती एका माणसासाठी रडली होती आणि बघता बघता तो माणूसच नाहीसा झाला. रडू मात्र खरं होतं, अजून गालावर ओलं होतं, आणि त्याचं आता काय करायचं हे तिला कळत नव्हतं. पुढे एकदा, दुसरंच काही बोलणं चाललेलं असताना ती मध्येच म्हणाली, “पण त्या माणसाला घडीवरच्या रेघेचं कसं गं सुचलं?” म्हणजे तोच मजकूर आता तिच्या मनात दुसऱ्याच जागी जाऊन बसला होता. आधी मुलीची कणव आली होती, आता लिहिणाऱ्याचं नवल वाटत होतं. फरक पडला तो फक्त ‘कथा’ या दोन अक्षरांनी.

शाळेत आपण साहित्यप्रकार शिकतो ते तक्त्यासारखे. कथा लहान, कादंबरी मोठी, नाटकात संवाद, कवितेत यमक, आत्मचरित्रात स्वतःचं आयुष्य. परीक्षेपुरतं ते पुरतं. पण त्या तक्त्यात आत्याचा प्रश्न कुठेच बसत नाही. लांबी मोजून, पात्रं मोजून, संवाद आहेत की नाहीत ते पाहून त्या शालीच्या मजकुराचा प्रकार कोणालाही सांगता आला नसता. आठवणींच्या पुस्तकातलं प्रकरण म्हणूनही तो जसाच्या तसा खपला असता. बाहेरच्या रूपावरून प्रकार ओळखता येत नाही, हे फार जुनं निरीक्षण आहे. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात ते स्वच्छ सांगितलं आहे. एम्पेडोक्लीझ या ग्रीक विचारवंताने निसर्गविज्ञान लिहिलं तेही होमरच्याच वृत्तात, पण दोघांत वृत्ताखेरीज सामाईक असं काही नाही. हिरोडोटसचा इतिहास छंदोबद्ध केला तरी तो इतिहासच राहील. काय घडलं ते इतिहास सांगतो, काय घडू शकतं ते काव्य सांगतं. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं हे वाक्य आत्याच्या प्रश्नाच्या किती जवळ आहे!

आपल्याकडची चर्चा तर मला त्याहून जवळची वाटते. अमरकोशात आख्यायिका आणि कथा यांचा भेद चार-दोन शब्दांत दिला आहे: जिचा विषय आधीपासून माहीत आहे, घडून गेलेला आहे, ती आख्यायिका, आणि जी रचलेली, कल्पिलेली आहे ती कथा. बाणभट्टाने दोन्ही लिहिल्या. हर्षाचं चरित्र सांगणारी ‘हर्षचरित’ ही आख्यायिका आणि ‘कादंबरी’ ही कथा. शैली पाहिली तर तीच लांबलचक समासांची, श्लेषांची, वर्णनात रमणारी. काव्यशास्त्रकारांनी मग आणखी खुणा शोधल्या: आख्यायिकेत नायक स्वतः बोलतो, तिचे भाग ‘उच्छ्वास’ असतात, तिच्यात अमुक वृत्तांचे श्लोक येतात. आणि दंडीने ‘काव्यादर्शा’त हे सगळं मोडीत काढलं. कोण बोलतो, भागाला काय म्हणतात, कोणतं वृत्त येतं, यावरून कुठे जात ठरते का? जात एकच, नावं तेवढी दोन, असा त्याचा निकाल. दंडीचं वाचताना मला दर वेळी आनंद होतो, कारण तो बाहेरच्या खुणांवर विश्वास ठेवत नाही. पण माझं मन अमरकोशाकडे झुकतं. दंडीने खुणा खोडल्या त्या बरोबरच खोडल्या, मात्र घडलेलं आणि कल्पिलेलं यांतला फरक त्या खुणांमध्ये नव्हताच. तो ऐकणाऱ्याच्या मनात असतो, आणि कोणीतरी आधी सांगितलेलं असेल तरच असतो.

हा आधी दिलेला शब्द कसा देतात आणि कसा फिरवतात, याचा इतिहास फार गमतीचा आहे. 1719 मध्ये लंडनला ‘रॉबिन्सन क्रूसो’ छापलं गेलं तेव्हा मुखपृष्ठावर डॅनियल डिफोचं नाव नव्हतं. ही हकिकत खुद्द क्रूसोने लिहिलेली आहे, असंच तिथे छापलं होतं. आज आपण तिला इंग्रजी कादंबरीच्या सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी एक म्हणतो, पण तेव्हाच्या अनेक वाचकांच्या हातात ती प्रवासातून वाचलेल्या माणसाची जबानी म्हणून आली. मराठीत हरिभाऊ आपट्यांनी 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः लिहिली ती यमू या मुलीच्या आत्मकथनाच्या रूपात. केशवपनाच्या त्या काळात एक पुरुष एका विधवेच्या तोंडून, ‘मी’ म्हणत, आठवडा-आठवड्याने बोलत होता. त्या अंकांच्या वाचकांमध्ये अशा किती आत्या असतील, ज्यांनी यमू आता कुठे असते असं विचारलं असेल, हा विचार माझ्या मनात वारंवार येतो. हरिभाऊंनी यमूला जो आवाज दिला तो उसना होता. पण तेव्हा खऱ्या यमूला बोलायला जागा कितीशी होती? कादंबरी या प्रकारानेच ती जागा करून दिली.

याच्या दुसऱ्या टोकाला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहेत, 1934 पासून भागाभागाने आलेली. प्रसंग, संवाद, माणसांच्या लकबी, हशा पिकवणारी फजिती, सगळं एखाद्या कसलेल्या कथाकारासारखं. त्यातलं एखादं पान फाडून वेगळं ठेवलं तर कोणीही त्याला कथा म्हणेल. फिलिप लेजन या फ्रेंच अभ्यासकाने 1975 मध्ये आत्मचरित्राची ओळख सांगताना एक साधी कसोटी दिली: पुस्तकावरचं नाव, सांगणारा आणि ज्याच्याविषयी सांगितलं जातं तो, हे तिघं एकच असले पाहिजेत. लेखक वाचकाशी हा करार करतो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाचं सगळं बळ त्या करारात आहे. ती बाई होती, तिने हे सोसलं, आणि सोसूनही ती असं हसते, हे आपल्याला आधीपासून माहीत असतं.

करार मोडला की काय होतं, तेही जगाने पाहिलं आहे. 2006 मध्ये अमेरिकेत एक गाजलेलं आत्मकथन बऱ्याच जागी रचलेलं निघालं, आणि फसवलं गेल्याची तक्रार करणाऱ्या वाचकांना पैसे परत देण्याची तयारी प्रकाशकाला दाखवावी लागली. पुस्तकातलं एकही वाक्य त्या मधल्या काळात बदललं नव्हतं.

मराठीत या कराराचं वजन मला सर्वांत जास्त जाणवलं ते दलित आत्मकथनांमध्ये. 1978 मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, 1980 मध्ये लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’. ‘बलुतं’ची मांडणी पाहा: दगडू मारुती पवार बोलतो आहे आणि दया पवार ऐकतो आहे, म्हणजे एकच माणूस दोन नावांत फाटलेला. युक्ती म्हणाल तर ती कादंबरीत शोभणारी आहे. पण ती कादंबरी म्हणून वाचायला मी बसले तर माझ्यासाठी एक पळवाट उघडते. ‘काय जबरदस्त लिहिलंय’ असं म्हणून मी पान उलटू शकते. आत्मकथन म्हणून वाचताना ती पळवाट बंद होते. हे घडलं, आणि जिथे घडलं तिथे माझ्यासारखी माणसंही राहत होती, हे वाक्यावाक्याला पुढे येतं. अशा लेखनाविषयी कोणी ‘कादंबरीसारखं वाचनीय’ म्हटलं की मला अस्वस्थ वाटतं. कौतुक करता करता लेखकाने दिलेला शब्दच काढून घेतल्यासारखं ते होतं.

आता खरं-खोटं थोडं बाजूला ठेवते, कारण प्रकारांचं सगळं रहस्य त्यात नाही. एकदा नुसतं करून पाहावं म्हणून मी तीन वाक्यं लिहिली: ‘काल रात्री पाऊस पडला. सकाळी दार उघडलं तेव्हा उंबऱ्यापाशी एक चप्पल होती. दुसरी नव्हती.’ बस, एवढंच. मग तीच वाक्यं अशी मांडली:

काल रात्री पाऊस पडला.
सकाळी दार उघडलं तेव्हा
उंबऱ्यापाशी
एक चप्पल होती.

दुसरी नव्हती.

शब्द तेच, क्रम तोच. पण आता ‘उंबऱ्यापाशी’ एकटं उभं आहे आणि ‘दुसरी नव्हती’च्या आधी एक रिकामी ओळ आहे. त्या रिकाम्या ओळीत डोळा थांबतो. कोणाची चप्पल, असं मी विचारत नाही, आणि उत्तर मिळालं नाही तर तक्रारही करत नाही. कवितेने मला उत्तर देणं लागत नाही. तिने मला फक्त त्या नसलेल्या चपलेजवळ उभं करायचं असतं. कथेचं तसं नाही. हीच तीन वाक्यं कथेची पहिली तीन वाक्यं झाली की मी लगेच पुढे झुकते: रात्री कोण आलं होतं? की कोण गेलं? कथेने चप्पल दाखवली म्हणजे ती माझं काहीतरी देणं लागते, आणि ते तिने थोड्या वेळात फेडायचं असतं. कादंबरीला घाई नसते. ती त्या चपलेला विसरून दीडशे पानं दुसरीकडे जाऊ शकते, चप्पल शिवणाऱ्या माणसाच्या घरात शिरू शकते, त्याच्या मुलाचं लग्न लावू शकते, आणि पुन्हा उंबऱ्याशी येईपर्यंत चप्पल तीच राहिली तरी मी बदललेली असते.

रहस्यकथेत तीच चप्पल पुरावा होते. तिचा तळवा कोणत्या बाजूने झिजला आहे, चिखल ओला आहे की वाळलेला, हे मी आपोआप पाहू लागते. तिथे तर लेखकावर बंधनही आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने 1929 मध्ये या प्रकाराचे दहा नियम लिहून काढले. त्यातला एक असा की गुप्तहेराला जो धागा सापडेल तो वाचकालाही तिथल्या तिथे दाखवला पाहिजे. भयकथेत मला झीज दिसतच नाही. मी दुसऱ्या चपलेची वाट पाहते, आणि ती जिथे असू नये नेमकी तिथे असणार अशी माझी खात्री असते. तोदोरोव्ह हा साहित्य-अभ्यासक म्हणतो की अद्भुताचा सगळा खेळ वाचकाच्या दोलायमान मनावर चालतो: याला साधं कारण असेल की नसेल? ज्या क्षणी कारण कळतं किंवा भूत खरंच आहे हे ठरतं, त्या क्षणी आपण त्या प्रकारातून बाहेर पडतो. रोजनिशीत मात्र ही चप्पल अगदीच साधी होऊन जाते. लिहिणाऱ्याला ती कोणाची ते ठाऊक आहे आणि दुसऱ्या कोणाला सांगायचंच नाही, म्हणून नावही लिहिलेलं नसतं. इतकं काही न सांगता दुसऱ्या कोणत्याही प्रकारात निभावणार नाही.

आणि नाटकात? नाटकात ही वाक्यं उच्चारायला कोणी नाहीच. पडदा उघडतो, उंबऱ्याशी एक चप्पल पडलेली आहे, एक बाई दार उघडते. ती चप्पल उचलते की पायाने सारते, यावर सगळं अवलंबून. तिच्या मनात काय आलं ते कोणीही मला कानात सांगणार नाही. कथा-कादंबरीच्या वाचकाला हा आधार इतका सवयीचा असतो की नाटक पुस्तकातून वाचताना पुष्कळांना ते कोरडं वाटतं. ते कोरडं नसतं, अर्धं असतं. उरलेलं अर्धं नटाच्या अंगात, प्रकाशात आणि शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाच्या श्वासात असतं. कादंबरी मी मिटून ठेवू शकते, मागे जाऊन वाचू शकते. नाटकाला मागे जाणं नाही. ते माझ्यादेखत आत्ता घडतं आणि संपतं.

भरताने ‘नाट्यशास्त्रा’त रूपकाचे दहा प्रकार सांगितले. नाटक, प्रकरण, प्रहसन ही नावं ओळखीची. डिम, ईहामृग, वीथी ही बहुतेकांना परकी. त्यातला भाण मला फार आवडतो. भाणात रंगमंचावर एकच माणूस असतो. समोर कोणी नसताना तो कोणाशी तरी बोलतो, ‘काय म्हणालास?’ असं विचारतो आणि न ऐकू आलेलं उत्तर स्वतःच उच्चारून पुढे जातो. शेकडो वर्षांनंतर, 1911 पासून, दिवाकरांनी मराठीत नाट्यछटा लिहायला घेतल्या. त्यांच्यासमोर ब्राउनिंग या इंग्रज कवीची नाट्यात्म स्वगतं होती, भाण नव्हे. पण तीच किमया पुन्हा जन्माला आली. नाट्यछटेत एकच माणूस बोलतो, दुसऱ्याचं बोलणं कागदावर नसतं आणि ते ऐकण्याचं काम वाचकावर येतं. पान-दीड पानात बोलणारा स्वतःला उघडं पाडतो, आणि त्याला ते कळलेलं नसतं. शाळेत नाट्यछटा पाठ करून हातवारे करत म्हणून दाखवायची पद्धत असते. त्यामुळे ती लहान मुलांचा प्रकार आहे असं अनेकांच्या मनात बसलं आहे, याचं मला वाईट वाटतं. दिवाकरांची धार मोठ्यांनीच सोसावी अशी आहे.

कानाने ओळखायचे प्रकार आणखी निराळे. ग्रंथातली ओवी घ्या: पहिले तीन चरण यमकाने एकमेकांना धरून आणि चौथा आखूड, यमक सोडून दिलेला. 1290 मध्ये ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका या साच्यात सांगितली, त्याला कारण असणारच असं मला वाटतं. त्या आखूड चरणापाशी श्वास मिळतो, ऐकणाऱ्याला मान डोलवायला जागा मिळते, आणि यमकाने दार लावून घेतलेलं नसल्यामुळे विचार पुढच्या ओवीत सहज पाय ठेवतो. तत्त्वज्ञान इतका वेळ ऐकवायचं तर असाच छंद हवा. अभंगाचा नेहमीचा मोठा साचा सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. टाळ वाजत असताना चार अक्षरांवर येऊन टेकणं अंगालाच कळतं. शेवटी कवीचं नाव. ‘तुका म्हणे’ आलं की ऐकणारा सावरून बसतो, कारण आता तुकोबा स्वतःच्या नावावर काहीतरी सांगणार. गझलेच्या मक्त्यातही, म्हणजे शेवटच्या दोन ओळींतही, कवीचं नाव गुंफण्याचा रिवाज आहे. दोन अगदी वेगळ्या परंपरांना शेवटी सही करावीशी वाटली, हे मला विलक्षण वाटतं.

गझल मराठीत माधव जूलियनांनी आणली आणि सुरेश भटांनी ती घराघरात नेली. नव्याने लिहिणाऱ्यांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ही लिहिली. गझलेवर एक आक्षेप हमखास ऐकू येतो: एका शेराचा दुसऱ्याशी संबंध नाही, मध्येच प्रेम, मध्येच समाज, मध्येच मरण. कवितेची अपेक्षा घेऊन गझलेकडे गेलं की असं होतं. एक भावना उलगडत नेण्याचा शब्द गझलेने दिलेलाच नसतो. तिने दिलेला शब्द वेगळा आहे. मतल्यातल्या, म्हणजे पहिल्या शेरातल्या, दोन्ही ओळींत काफिया (यमक) आणि रदीफ (त्यानंतर दर वेळी तसाच येणारा शब्द) ऐकवून ती सांगते की प्रत्येक शेराच्या शेवटी आपण इथेच येणार. कुठून येणार, हे मात्र सांगत नाही. पहिली ओळ म्हटली जाते, श्रोता रदीफ ओठांवर घेऊन थांबतो, आणि दुसरी ओळ अनपेक्षित वाटेने त्याच दाराशी पोचते. दाद जाते ती त्या वाटेला. केशवसुतांनी रुजवलेल्या सुनीताची, म्हणजे सॉनेटची, रीत याच्या उलट: चौदाच ओळी, आणि आठव्या ओळीनंतर विचाराने वळण घ्यायचं. तिथे वळण कुठे येणार ते ठाऊक असतं आणि आपण त्या वळणासाठीच वाचतो.

अपेक्षाही कायम राहत नाहीत. ना. सी. फडक्यांनी कथेचं तंत्र शिकवलं तेव्हा कथेने सुरुवातीला पकडायचं, मध्ये गुंतवायचं आणि शेवटी कलाटणी द्यायची, हा वाचकाचा हक्कच झाला होता. मग 1945 च्या आसपास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा आली. तिच्यात कधी कधी कुणी नुसतं रस्त्याने चालत राहतं, किंवा गावातलं एक माणूस जसं आहे तसं समोर बसतं. पुष्कळांना वाटलं, यात तर काही घडतच नाही. कथेने जुना शब्द मोडला होता आणि नवा अजून कानावर पडलेला नव्हता. आज त्याच कथा आपण कथा म्हणून निवांत वाचतो.

वाचक बदलला तरी प्रकार बदलतो. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या आठवणी जपण्यासाठी. ज्याने पाहिलं-ऐकलं त्याच्याकडे जाऊन, नागदेवाचार्यांकडून पारखून घेत. महानुभावांसाठी ‘लीळाचरित्र’ हा श्रद्धेचा ग्रंथ आहे. वर्गात तोच ग्रंथ मराठी गद्याचा आरंभ म्हणून शिकवतात, आणि भाषेतला जिवंतपणा दाखवायला त्यातले उतारे देतात. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवछत्रपतींची बखर लिहिली, ती चरित्र म्हणून. आज इतिहासकार तिच्याकडे साधन म्हणून चाळणी लावून बघतात, आणि माझ्यासारखी वाचणारी तिच्या ठसक्यासाठी तिच्याकडे जाते. सभासदाला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

या सगळ्यात ललित लेखाने काय शब्द दिलेला असतो, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. माँतेन्य या फ्रेंच लेखकाने 1580 मध्ये आपले निबंध छापले तेव्हा सुरुवातीलाच सांगितलं की या पुस्तकाचा विषय मी स्वतः आहे. मराठीत फडके, खांडेकर, काणेकरांनी लघुनिबंधाला बैठकीतल्या गप्पांचा मोकळेपणा दिला. पुढे दुर्गाबाई भागवतांनी 1956 च्या ‘ऋतुचक्रा’त महिन्यामहिन्याची झाडं, फुलं, आभाळ घेऊन त्याला निराळीच खोली दिली. दुर्गाबाई पळसाविषयी सांगतात तेव्हा ती माहिती वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातही सापडेल. पण इथे ती एका विशिष्ट बाईच्या नजरेतून, तिच्या मनात त्या वेळी जे चाललं होतं त्यातून गाळून येते. ललित लेखात काही घडलंच पाहिजे असं नाही, काही सिद्ध झालंच पाहिजे असंही नाही. एक माणूस एका गोष्टीचा विचार करताना तुम्हाला जवळ बसू देतो, आणि तो विचार त्याचाच असतो, एवढीच हमी. ती हमी मला पुरते. तिच्याइतकी जवळीक मला दुसऱ्या कुठल्या प्रकारात मिळत नाही.

प्रकारांची सरमिसळ करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ज्यांना सीमा नीट ठाऊक असतात तेच ती चांगली करतात. या बाबतीत मला थक्क करते ती ॲन फ्रँक, नाझींपासून घरच्यांसह लपून राहिलेली ज्यू मुलगी. तेरा वर्षांची असताना तिने रोजनिशी सुरू केली ती स्वतःपुरती. 28 मार्च 1944 ला लपलेल्या घरात तिने लंडनहून होणारं डच प्रसारण ऐकलं. लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या डच सरकारचे मंत्री बोल्केस्टाइन सांगत होते की युद्ध संपल्यावर लोकांच्या रोजनिश्या आणि पत्रं जमवली जातील. त्यानंतरच्या वसंतात ॲनने आपली रोजनिशी सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला घेतली. काही भाग गाळले, काही वाढवले, घरातल्या माणसांसाठी टोपणनावांची यादी केली, पुस्तकाला नाव दिलं. घडलेलं तेच होतं, पण वाचणारा बदलला होता, म्हणून तिने लिहिणंच बदललं. हे पुनर्लेखन 29 मार्च 1944 च्या नोंदीपर्यंत पोचलं. मूळ रोजनिशी 1 ऑगस्टपर्यंत चालू आहे, आणि 4 ऑगस्टला सगळ्यांना अटक झाली. म्हणजे शेवटचे चार महिने फक्त कच्च्या रूपात उरले, जसे त्या त्या दिवशी उतरले तसे. वडिलांनी 1947 मध्ये पुस्तक छापलं त्यात दोन्ही मजकूर एकत्र गुंफलेले आहेत. ते वाचताना आता मी तारखांवर बोट ठेवून जाते: हे तिने आपल्यासाठी दुसऱ्यांदा लिहिलेलं, आणि मार्च संपला की इथून पुढचं, तिला पुन्हा लिहायला वेळ न मिळालेलं.